डब्याचा प्रवेश

गिरगावातून आलेल्या त्या पत्राला नानांनी उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसले नव्हते असं नाही, पुष्कळदा बसले. 'सादर नमस्कार' इथपर्यंत टाक सुरळीत चालायचा, मग थांबायचा, आणि नाना तो कागद चार घड्या करून चुलीजवळ ठेवून द्यायचे. त्यांच्या बायकोची, बकुळाबाईंची चूल कितीतरी वेळा त्या सादर नमस्कारांवर पेटली होती. पत्र आलं सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत. आता साठ सालचा मे उजाडला, मुंबईसह महाराष्ट्र झाला, काळाचौकीच्या चाळींवरच्या पताका अजून उतरल्या नव्हत्या, आणि पत्र आपलं वाचनालयाच्या फळीवर शब्दकोशाखाली दबून होतं.

नाना म्हणजे भिवा गमरे. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात गेली. कापड विणायच्या मागांवर पगार बरा होता, पण तिथं तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून त्यांच्या जातीच्या माणसांना तिकडे कोणी शिरू देत नसे. नानांनी त्यावर कधी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढतच नसे. चारचौघांत कधी बोललेच तर आपण काहीतरी चुकीचं बोललो असं रात्रभर वाटत राहायचं. पुस्तकांशी मात्र त्यांचं जमायचं. गिरणी सुटल्यापासून चाळीतल्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे होती. सकाळी वर्तमानपत्रं काठीला अडकवायची आणि संध्याकाळी कुलूप लावायचं, एवढ्यात ते सुखी होते.

अशा माणसाने नाटक लिहिलं, हेच लोकांना नवल. छप्पन्न सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला तेव्हा पलीकडच्या चाळीतला एक तरुण पोरगा गेला. त्यानंतर कितीतरी दिवस गिरणीचा पहिला भोंगा झाला की त्याची आई उठायची, भाकरी भाजायची, त्याचा डबा भरायची, झाकण लावायची आणि मग तशीच बसून राहायची. नानांनी ते गॅलरीतून पाहिलं होतं. त्यांनी नाटक लिहिलं ते त्या डब्यासाठी. तिसऱ्या अंकात आई भोंगा ऐकून डबा भरते, झाकण लावते, दाराकडे बघते, झाकण उघडते आणि भाकरी पुन्हा टोपलीत ठेवते. शब्द एकही नाही.

नाटक बसवलं चाळीतल्या चंदूने. चंदू म्हणजे मोर्चात सगळ्यांच्या पुढे आणि तालमीत सगळ्यांच्या वर. आईचं काम करायला त्याने सखुबाईला गाठलं. ती शीव कोळीवाड्याची, लालबागच्या बाजारात मासळी विकायची, आणि समोर मॅजिस्ट्रेट असला तरी त्याला अरेतुरे करायची. नाटक प्रांतिक नाट्यसभेच्या सुवर्णपदकासाठी गेलं. हे पदक आजवर गिरगाव नाहीतर पुण्याबाहेर गेलं नव्हतं. त्या वर्षी गिरणगावातल्या मंडळांनी फार गलका केला, म्हणून अंतिम फेरीही पहिल्यांदाच परळच्या मैदानावर, मांडवात झाली.

त्या दिवशी काय झालं ते नानांना फक्त ऐकू आलं होतं. आपलं नाटक बघणं त्यांना जमत नसे. तिसरा अंक सुरू झाला की ते उठत आणि मांडवाबाहेर चहाच्या गाडीपाशी जाऊन उभे राहत. तिथं ते पाठमोरे उभे असताना आतून गर्जना झाली, "वन्स मोअर! वन्स मोअर!" मग जरा शांत झालं, आणि मग चंदूचा खणखणीत आवाज आला. चंदू गात होता. नानांच्या नाटकात गाणंच नव्हतं. मुंबई आमची, सीमाभाग आमचा, द्याल की नाही, असं ते गाणं होतं. त्यावर सगळा मांडव घोषणा देऊ लागला, रस्त्यावरचे लोकही देऊ लागले, चहावाल्यानेही किटली खाली ठेवून दोन घोषणा दिल्या. नानांनी मनाशी समजून घेतलं: वन्स मोअर गाण्याला असतो, गाणं चंदूचं आहे, आपण आपले चहा पिऊन घरी जावं.

पदक नानांच्या नाटकाला मिळालं.

पुढच्या आठवड्यात एका साप्ताहिकाने विचारलं, पदक नाटकाला की मोर्चाला? निकालाच्या वेळी परीक्षकांच्या टेबलाभोवती स्वयंसेवकांना कडं करावं लागलं, हेही त्यात होतं. उलट चाळीत बातमी होती की वरून सभेला निरोप गेला होता, असल्या नाटकाला पदक दिलंत तर अनुदानाचा विचार करावा लागेल. बकुळाबाई म्हणायच्या, "वरून एक दाब, खालून एक दाब. मधे बसलेल्या बिचाऱ्यांनी शेवटी जे दिसलं तेच लिहिलं असेल." नानांना ते पटत नसे. त्यांनी त्याच फेरीतलं गिरगावच्या मंडळाचं नाटक मागच्या खुर्चीवर बसून पाहिलं होतं. चांगलं होतं. संवाद कसे धुतल्या तांदळासारखे. त्या लोकांचं पदक आपल्या घरी आलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. पदक त्यांनी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं. तांदूळ संपत आले की बकुळाबाई ते बाहेर काढून पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "चोरून आणल्यागत काय लपवता?"

पत्र त्या तीन परीक्षकांपैकी एकीचं होतं. पद्मजा वर्तक, गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या. अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं: "आम्ही भीतीने पदक दिलं, असं लोक म्हणतात. मी घाबरले होते हे खरं आहे. पण डबा भरण्याच्या प्रवेशाला मी जे गुण दिले ते भीतीने दिले नाहीत, असं मला वाटतं. त्या दिवशी भीती आणि मत एकाच बाजूला पडली, म्हणून हे मला सिद्ध करता येणार नाही. तुम्ही दुसरं नाटक मात्र लिहा."

एवढ्या पत्रातलं नानांनी उचललं काय, तर 'मी घाबरले होते'. बाकीचं सभ्य बाईचं समजूत घालणं. दुसरं नाटक त्यांनी लिहिलं नाही. पदकाचा निकाल मनात लागल्याशिवाय लिहायचं तरी कोणत्या तोंडाने?

मे महिन्यात चंदू वाचनालयात आला. नव्या राज्याच्या आनंदात सगळ्या चाळी काही ना काही करत होत्या; येत्या रविवारी संध्याकाळी मैदानात आपलं नाटक करायचं ठरलंय, असं त्याने सांगितलं. मग जरा अडखळत म्हणाला की गाणं या वेळी काढून टाकतोय.

"का?" नानांनी विचारलं.

"नाना, त्यात जे मागतोय त्यातलं मुख्य ते मिळालं. मिळालेलं पुन्हा मागितलं तर लोक हसतील आपल्याला."

"मग उरलं काय नाटकात?"

आपलीच थट्टा चालली आहे असं वाटून चंदू पताका आणायला निघून गेला.

तो आठवडा नानांना वर्तमानपत्रं काठीला सरळ अडकवता आली नाहीत. गाण्याविना नाटक उभं राहणार, म्हणजे उघडं पडणार. लोक जांभया देतील, पोरं रडतील, बाया उठून स्वयंपाकाला जातील, आणि पदक कशाला मिळालं होतं ते अख्ख्या काळाचौकीला कळेल. आपल्याला तर आधीच माहीत होतं, असं ते स्वतःला सांगत. त्यांनी बकुळाबाईंना सुचवून पाहिलं की रविवारी शीवला मेहुण्याकडे जाऊन यावं. बकुळाबाई म्हणाल्या, तुम्ही जा, मी पुढच्या रांगेत बसणार आहे.

नाना गेले नाहीत. दोन अंक मागच्या बाकावर बसले. तिसऱ्या अंकाआधी सवयीने उठले, तर विंगेतून सखुबाई हात करत होती. आईचं जुनेर नेसलेली, कपाळ पांढरं.

"पळतोस कुठं? हिकडे ये. रामूचा घसा बसलाय."

रामू हा नाटकातला भोंगा होता. रॉकेलच्या नरसाळ्याला तोंड लावून तो असा आवाज काढायचा की कामाला जायची वेळ झाली असं वाटून म्हातारी माणसं दचकायची. पण महिनाभर जल्लोष करून त्याच्या गळ्यातून आता वारासुद्धा निघत नव्हता. तो कोपऱ्यात गळ्याला फडकं बांधून बसला होता. चंदू स्टेजवर, बाकीचे रंग लावून आपापल्या प्रवेशाच्या तयारीत. नाना पुटपुटले की आपल्याला जमायचं नाही. सखुबाईने नरसाळं त्यांच्या हातात कोंबलं.

"जन्म भोंगा ऐकण्यात गेला तुझा. काढ जसा येईल तसा."

अशा रीतीने नानांनी आपल्या नाटकाचा तिसरा अंक पहिल्यांदा पाहिला, विंगेत उभं राहून, हातात नरसाळं घेऊन. वेळ आल्यावर त्यांनी श्वास भरला. पहिला आवाज फाटका निघाला, मग सापडला आणि लांबत गेला. आपल्या छातीतून एवढा आवाज निघतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सखुबाई उठली. तिने भाकऱ्या घेतल्या, एकीवर एक ठेवून डब्यात दाबल्या, वर मिरचीचा ठेचा. झाकण लागेना, म्हणून तळहाताने एक थाप दिली. ही थाप नानांनी लिहिली नव्हती. मग ती दाराकडे बघत राहिली. तिने झाकण उघडलं, एकेक भाकरी टोपलीत ठेवली, आणि रिकामा डबा पदराने पुसून पालथा घातला.

नानांनी डोळे मिटले. आता जांभया.

मागच्या बाजूला, रात्रपाळीचे लोक उभे होते तिथून, एक जाडाभरडा आवाज आला, "वन्स मोअर." मग बायांच्या बाजूने, मग सगळीकडून. त्यात घोषणा नव्हती. ओरडणंही म्हणता येणार नाही. देवळात प्रसाद पुन्हा मागावा तसं लोक मागत होते.

सखुबाईने डबा पुन्हा सरळ केला आणि विंगेकडे मान न वळवता म्हणाली, "वाजव रे नाना."

"पुन्हा?"

"मग? परळला नव्हतं का दोनदा केलं?"

नानांनी पुन्हा भोंगा काढला. या वेळी तो मधेच तुटला, आणि नानांनी नरसाळ्याआड डोळे पुसले ते फक्त रामूने पाहिलं.

पडदा पडल्यावर सखुबाई तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसत बसली होती. नाना जवळ जाऊन म्हणाले, "परळला वन्स मोअर गाण्याला होता ना?"

"गाण्याला? चंदूच्या?" ती हसली. "अरे, मला दोनदा डबा भरायला लागला. भाकरीचा चुरा झाला हातात. चंदू गायला तो त्याच्या मागून."

चंदू पाठीमागेच होता. त्याने खाली बघत सांगितलं की गाणं न विचारता घुसवलं म्हणून नाना रागावले, असं तो तीन वर्षं समजून चालला होता, म्हणून त्याने तो विषयच कधी काढला नाही.

"पण वन्स मोअर गाण्याला देतात," नाना म्हणाले. "मुक्या प्रवेशाला कोण देतं?"

"आमच्या लोकांना हे कोणी सांगितलं नव्हतं," सखुबाई म्हणाली आणि तेलाची बाटली बंद केली.

घरी येताना नाना चालता चालता विचार करत होते. त्यांचा स्वभावच तसा. आनंदालाही ते आधी दारात उभं करून चौकशी करत. हे लोक त्या पोराला ओळखत होते. मग त्यांनी पुन्हा मागितलं ते नाटक, की तो पोरगा? आणि परळला टेबलाशी बसलेल्यांनी मांडवाचं ऐकलं, की स्वतःच्या मनाचं? हे धागे आता कोणी सोडवू म्हणेल तर सुटणार नाहीत. आयुष्यभर सूत हाताळलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की पीळ बसला म्हणजे कोणता तंतू कुठला हे विचारायचं नसतं; सूत टिकतं की नाही ते बघायचं. टिकलं होतं. मागणी संपल्यावरही टिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी शब्दकोश उचलला आणि पत्र उघडलं. 'मी घाबरले होते' हे वाक्य तिथंच होतं, पण आता ते वेगळं दिसलं. या वेळी 'सादर नमस्कार'च्या पुढे टाक थांबला नाही.

"आपलं पत्र मिळाल्याला तीन वर्षं झाली. आपण घाबरला होता, हे आपण मला लिहिलंत. तेवढंच वाक्य मी धरून बसलो आणि बाकी पत्र खोटं ठरवलं. काल रात्री वाटलं, ज्यांनी स्वतःची भीती माझ्यापासून लपवली नाही, त्या मला गोड वाटावं म्हणून उरलेलं खोटं कशाला लिहितील? माझ्या सगळ्या शंका फिटल्या असं नाही. शंका फिटल्यावर आभार मानू, म्हणून थांबलो होतो. ते चुकलं. आपण तो प्रवेश पाहिलात. मी स्वतः तो काल पहिल्यांदा पाहिला. आपले फार आभार. दुसऱ्या नाटकाची पहिली दोन पानं झाली आहेत. चांगली आहेत की नाही ते मला सांगता येत नाही. आपला, भिवा गमरे."

दोन पानं झाली नव्हती, रात्री जागून एकच झालं होतं. म्हणून पत्र पाकिटात घालण्याआधी ते बसले आणि दुसरं पूर्ण केलं.

नाक्यावरच्या लाल पेटीशी ते गेले तेव्हा पहिली पाळी सुटत होती. पाकीट फटीत अर्धं सरकवून त्यांनी तसंच धरून ठेवलं. 'आपले फार आभार' यातला 'फार' जास्त तर होत नाही? काढावा का? मागे एक बाई हातात पत्र घेऊन उभी होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"बाबा, टाकताय की आणताय परत?"

"टाकतो, टाकतो," नाना म्हणाले, पाकीट सोडलं, आणि तिला जागा करून देत बाजूला झाले.