गोळीची घंटा

"तुमच्या गोळीपायी आमचा चहा रोज लांबतो," पॅकिंगवाला माझ्या कानाशी पुटपुटला. बिचारा किटलीवर हात शेकत उभा होता.

त्याचंही खरंच होतं. आमच्या बाहुल्यांच्या कारखान्यात रंगखोलीतल्या आम्हा साऱ्याजणींना थायरॉइड. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि वर अर्धा तास चहा नाही. मालक मोठे कनवाळू. त्यांनी घंटाच लावून दिली. पहिलीला गोळी, दुसरीला चहा. किटली एकच, त्यामुळे पुरुषही ताटकळायचे. ते व्हरांड्यात मोकळ्या हवेत खोकी भरायचे, ठणठणीत होते. आमच्या खिडक्यांना मात्र चिकटपट्ट्या, कारण बाहुल्यांच्या ओल्या डोळ्यांवर धूळ बसते. आत रंग, थिनर आणि आम्ही.

"माझं आईकडून आलंय," हेडबाई म्हणायच्या.

"माझं बाळंतपणानंतरचं."

"माझं सासूमुळे!"

मग गळ्यावरचे स्कार्फ सावरत आम्ही खो खो हसायचो. खिडकीकडे कुणी बघायचं नाही. खोली बंद पडली तर खायचं काय?

आज मी धाकट्या जावेला कामाला लावायला आणलं होतं. हात हलका, नजर तेज, भूक तर विचारूच नका. आल्या आल्या तिनं कप पुढे केला.

"थांब गं, घंटा व्हायचीय," हेडबाई म्हणाल्या.

"पण मला कुठं गोळी आहे?"

बिनगोळीची बाई रंगखोलीत! तिला चहा कधी द्यायचा, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मालकांना बोलावलं. ते हसतच आले, हातात चिमुकली डबी, झाकणावर आमचीच बाहुली.

"नव्या बाईंना कारखान्याची भेट. गोळ्यांसाठी. आत्ता रिकामी आहे, पण लागेलच."

जाऊ हरखली. "ताई, किती गोड आहे!"

पहिली घंटा वाजली. साऱ्यांचे हात पर्सकडे गेले. माझा तिच्या डबीकडे गेला. ती मी काढून घेतली आणि मालकांच्या तळहातावर ठेवली.

"आईचं असेल, बाळंतपणाचं असेल, सासूचंही असेल थोडंफार. मला त्यातलं कळत नाही. पण ‘लागेलच’ म्हणालात ना, मालक? म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे. ही खोलीच आम्हाला आजारी पाडतेय."