साहेबांचा पाय

लाँड्रीसमोर पुन्हा झुंबड उडाली होती. काउंटरवर चादर पांघरून साहेब पहुडले होते. साहेब म्हणजे लाँड्रीवाल्याचं कुत्रं. आजारी माणसाने पुढे येऊन दुखणं सांगायचं, लाँड्रीवाल्याने चादरीखाली हात घालून साहेबांना 'विनंती' करायची, की साहेबांचा मागचा पाय थडाथडा हलायचा. "पाय झटकला, रोग झटकला," लाँड्रीवाला सांगायचा. "आता गोळ्या बंद." रोग गेलेला माणूस मग निदान चार कपडे तरी धुवायला टाकून जायचा.

समोरच्या दवाखान्यात डॉक्टरचा नुसता जळफळाट होत होता. एवढं घासून शिकला, आणि बाकडी रिकामी. त्याच्या औषधाने उठून बसलेली माणसं त्याच्याकडे बघून धड हसत नसत, आणि कुत्र्यापुढे मात्र वाकत. कुत्र्याचा हेवा करायची पाळी आली याची त्याला लाजही वाटे, पण हेवा काही जाईना.

आज रांगेत त्याला सख्खी ताई दिसली. मधुमेहाची, पायाला चिघळलेली जखम. साहेबांच्या भरवशावर तिने आठवडाभर इन्सुलिन घेतलं नव्हतं. डॉक्टर तरातरा रस्ता ओलांडून गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की ही लबाडी आहे, पाय हलायच्या आधी लाँड्रीवाल्याचं कोपर हलतं.

"डॉक्टर जळतात हो," लाँड्रीवाला म्हणाला. लोक हसले.

"लहानपणापासूनच," ताई म्हणाली. "माझ्या ताटात काय जास्त पडलं, हेच बघायचा."

"जळतो," डॉक्टर म्हणाला. "पण मी जळतो म्हणून याचं खोटं खरं होत नाही. माझं ऐकू नकोस, ताई. चादर काढ आणि बरगड्यांमागे तूच खाजवून बघ."

परका हात लागला तर साहेब कोपतील, असं लाँड्रीवाला बजावू लागला. पण भावाला तोंडघशी पाडायची संधी ताई कशाला सोडते? तिने चादर ओढली आणि खाजवलं. पाय थडाथडा हलला. हात काढला, पाय थांबला.

साहेब ताईंवर प्रसन्न झाले, असं लाँड्रीवाला घाईघाईने म्हणाला. ताईने पुन्हा खाजवत विचारलं, "साहेब, माझा भाऊ जगातला सगळ्यात हुशार डॉक्टर आहे का?"

पाय दणादण हलला.

"हे तर साफ खोटं आहे," ताई म्हणाली.

मग डॉक्टरने समजावून सांगितलं. कुत्र्याच्या अंगावर किडा बसला की तो झटकायला पाय आपोआप हलतो, आणि खाजवणंही कातडीला किड्यासारखंच वाटतं. कातडी पाठीच्या कण्याला कळवते, कणा पाय हलवतो, कुत्र्याच्या मनाला कुणी विचारतही नाही. "त्याला स्वतःचा पाय आवरत नाही, तुमचा रोग काय आवरणार? कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच म्हणा, बाजूला हो, आता मी करून बघतो."

ताई लंगडत दवाखान्यात शिरली. "आधी साखर तपास," ती म्हणाली. "आणि जिंकल्यासारखा हसू नकोस."

डॉक्टर हसत नव्हता. तो खाली बसून तिच्या पायाची पट्टी सोडत होता. जखम खोल होती, पण अजून हाताबाहेर गेली नव्हती.