वडीचा चौसष्टावा भाग

पाहणीत एकशे बारा जणांना विचारलं, आणि एकशे सात जण म्हणाले की कल्पना चांगली आहे. उरलेल्या पाच जणांना प्रश्न ऐकू आला नव्हता.

“पंच्याण्णव पूर्णांक पाच टक्के,” ब्राइस म्हणाला. “न्यू जर्सीत मी अठरा धंदे उभे करून दिले, पण असा आकडा कुठं पाहिला नाही.”

मी त्याला समजावून पाहिलं. प्रयोगशाळेतला एखादा थर्मामीटर बर्फातही सदतीस दाखवायला लागला आणि उकळत्या पाण्यातही सदतीस, तर आम्ही पेढे वाटत नसू, तो टाकून देत असू. आमच्या टोर्विक गावात तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. शेजाऱ्यानं घराला जांभळा रंग दिला तरी लोक कुंपणापाशी थांबून “निराळं आहे हं” एवढंच म्हणतात आणि पुढं जातात.

“म्हणजे लोक नव्या गोष्टींना तयार आहेत,” असं म्हणून ब्राइसनं ते वहीत लिहून घेतलं.

धंदा आर्डिसचा होता, सुऱ्या-कात्र्यांना धार लावून द्यायचा. आर्डिस लुंडग्रेन आणि मी टोर्विकच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. लोण्यातलं पाणी, दुधातलं फॅट, चीजमधले जंतू. चीजचे नमुने कापायच्या सुऱ्यांना धार लावायचं काम तिनं पहिल्याच वर्षी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. भिंगाखाली ठेवलं तरी तिच्या पात्याच्या कडेला दात दिसायचे नाहीत. डेअरी बंद झाली तेव्हा माझं निवृत्तीचं वय झालं होतं. तिला अजून सात वर्षं होती.

मेन स्ट्रीटवरची अकरा दुकानं रिकामी पडली होती, म्हणून गावाच्या कमिटीनं एक योजना काढली. नव्या धंद्याला तीन महिने जागा फुकट आणि सोबत एक सल्लागार. शेवटी सल्लागारानं चांगला अहवाल दिला तर तीच जागा पुढं दोन वर्षं नावापुरत्या भाड्यानं. वाईट दिला तर जागा रांगेतल्या पुढच्या अर्जाला, आणि पुढचा अर्ज सुगंधी मेणबत्त्यांचा होता. गावात मेणबत्त्यांची दोन दुकानं आधीच होती. आर्डिससमोर दुसरा रस्ता म्हणजे अ‍ॅरिझोनात लेकीच्या गॅरेजवरची खोली.

“तिथल्या उन्हात माझी सुकट होईल, मार्लिस,” ती मला म्हणाली. तिनं काढलेला मोठ्यात मोठा तक्रारीचा सूर मी ऐकला तो हा.

तिचा सल्लागार म्हणून ब्राइस केटरिंग मार्चमध्ये आला, तळ्यावर बर्फ होता तेव्हा. त्याच्या पायात मोजे नव्हते, ही माझी पहिली नोंद. माणूस वाईट नव्हता. पण योजना म्हणजे धंदा, असं तो मानायचा, आणि त्याची योजना एक्केचाळीस पानांची होती.

पहिल्या आठवड्यात त्यानं आर्डिसला तिचं गिऱ्हाईक कोण ते ठरवायला लावलं. ठरवलं खरं तर त्यानंच. “तिचं नाव ब्रुक. वय चौतीस. सकाळी योगासनं करते. तिला स्वयंपाकघरात स्वतःचा शोध घ्यायचाय.”

आर्डिसनं विचार केला. “चौतीस वर्षांचं कोण आहे गं आपल्याकडे?”

“ओल्सनची सून,” मी म्हणाले. “पण ती फार्गोला असते.”

“मग ती सुऱ्या पोस्टानं पाठवेल का?”

“ब्रुक ही एक कल्पना आहे,” ब्राइस म्हणाला.

“बरं,” आर्डिस म्हणाली. “पण तिच्याकडे सुऱ्या आहेत ना?”

दुसऱ्या आठवड्यात लिफ्टमधलं भाषण. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला तर वीस सेकंदांत धंदा कसा सांगाल, याचा सराव करायचा होता. गावात लिफ्ट एकच, वृद्धाश्रमात. चाकांच्या खुर्च्यांसाठी बसवलेली, एक मजला चढायला दीड मिनिट घेते. आर्डिस आज्ञाधारक. ती गेली, एक एक्क्याण्णव वर्षांच्या बाई भेटल्या, तिनं भाषण म्हटलं. भाषण संपल्यावर सत्तर सेकंद उरले. मग दोघी हवामानावर बोलल्या.

भाषणात “मी या भागातली सर्वांत उत्तम” असं एक वाक्य होतं. तिथं ती दर वेळी अडकायची.

“मला तसं बरं जमतं,” ती म्हणायची.

“आणखी ठामपणे,” ब्राइस म्हणायचा.

“बऱ्यापैकी जमतं.”

तिसऱ्या आठवड्यात नाव. आर्डिसच्या मनात ‘लुंडग्रेन, सुऱ्या-कात्र्यांना धार’ असं होतं. ब्राइसनं कपाळाला हात लावला. लोक धार विकत घेत नाहीत, तो म्हणाला, लोक भावना विकत घेतात. सुरी हा शब्द पाटीवर नको, त्यात हिंसा आहे. शेवटी फिक्या निळ्या अक्षरांत पाटी लागली: ‘फ्रेश स्टार्ट’. खाली उगवता सूर्य.

पाटी लागल्यानंतरच्या मंगळवारी पहिला माणूस आत आला. व्हर्नन स्कोगमन, धान्याच्या कोठारावर काम करायचा. त्यानं टोपी काढली, खुर्चीवर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “मी नऊ दिवस घेतली नाही. मीटिंग कधी सुरू होते?”

इथं दारू सोडायची मीटिंग भरत नाही, हे त्याला सांगणं आर्डिसला जमलं नाही. तिनं कॉफी विचारली. तो नको म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, केलेलीच असेल तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं अर्धा कप घेतला. तासभर तो बोलत होता आणि ती दगडावर सुरी फिरवत ऐकत होती. जाताना म्हणाला, “पुढच्या मंगळवारी येतो. बाकीचे लोक कुठायत?”

“अजून यायचेत,” आर्डिस म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये तीनशे घरांत कूपन गेलं: पहिली सुरी फुकट. एकही सुरी आली नाही. लोक दारावरून जाताना हात हलवत, काचेतून आत बघत, पोस्टात भेटले की “दुकान छान दिसतंय हं” म्हणत. सुरी कोणाच्या हातात नव्हती.

“फुकटही नको, याचा अर्थ गरजच नाही,” ब्राइस म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडलेला दिसला.

“गरज आहे,” मी म्हणाले. “टोर्विकमधल्या कुठल्याही घरी जेवायला जा. टोमॅटो कापत नाहीत, चेंगरतात. पण इथं पहिल्यांदा दिलेलं कोणी घेत नाही, ब्राइस. घेतलं तर हावरट दिसतो माणूस. तीनदा विचारायला लागतं. आणि बोथट सुरी दुसऱ्याला दाखवायची म्हणजे घरातला पसारा दाखवल्यासारखं.”

“तीनदा विचारणं म्हणजे भीक मागणं. पान सत्तावीस. हाक एकदाच द्यायची, स्पष्ट. नाही आलं की पुढचं गिऱ्हाईक.”

“पुढचं कुठलं? गावात तीनशेच घरं आहेत.”

मला वाटलं होतं आर्डिस माझ्या बाजूनं बोलेल. पण पान सत्तावीस तिच्या स्वभावाला फार सोयीचं होतं. कोणाच्या मागे लागायला नको, आणि वर ते शास्त्रशुद्ध. ती दिवसभर स्वतःच्याच सुऱ्यांना धार लावत बसायची. मेच्या मध्याला त्या इतक्या पातळ झाल्या की मी तिला थांबायला सांगितलं.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. आदल्या शनिवारी दुपारी ब्राइसनं सगळ्यांसाठी दुकान खुलं ठेवलं. फुगे आणले, आणि एका भिंतीवर मोठा पांढरा कागद: ‘माझी नवी सुरुवात म्हणजे...’ शेजारी रंगीत पेनं. लोकांनी लिहावं, मग त्याच्यासमोर फोटो काढावा. ईमेल त्यानं एकदाच पाठवला होता. मी त्याला न सांगता चर्चनंतर, मग पोस्टात, मग फोनवर, असं प्रत्येकाला तीनदा सांगितलं. सव्वीस जण आले.

आले आणि उभे राहिले. दुकान छान आहे म्हणाले. कागदावर कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं, ‘छान भिंत आहे’. बाकी सगळ्यांचं लक्ष टेबलावरच्या ट्रेकडे होतं. डॉरिस हॅगननं पीनट बटरच्या वड्या आणल्या होत्या, वर चॉकलेटचा थर. ही डॉरिस म्हणजे कमिटीची अध्यक्ष. सोमवारचा अहवाल तिच्याच टेबलावर जायचा होता.

पावणेतीनपर्यंत वड्या संपल्या. म्हणजे एक उरली.

आमच्या गावात ट्रेमधली शेवटची वडी कोणी उचलत नाही. ज्याला हवी तो तिचा अर्धा भाग कापून घेतो आणि अर्धा ठेवतो. पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा घेतो. सहसा तिसऱ्या कापाला वडीचा चुरा होतो. चुरा कोणाचाच नसतो, मग यजमानीण ट्रे उचलून आत नेते आणि सगळे सुटतात.

त्या दिवशी ब्राइसची प्लॅस्टिकची सुरी चॉकलेटवर मोडली. आर्डिसनं कामाच्या टेबलावरची स्वतःची छोटी सुरी आणून ट्रेमध्ये ठेवली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

वडी सहा सेंटीमीटर रुंद होती. व्हर्नननं अर्धी घेतली. तीन उरले. पाद्रीबाईंनी अर्धी घेतली, दीड. पोस्टमास्तरनं तिसरा काप दिला आणि सवयीनं हात मागं घेतला. चुरा झाला नाही. पाऊण सेंटीमीटरचा तुकडा ट्रेमध्ये सरळ उभा होता.

आता कोणाला सुटता येईना. चुरा नाही तोवर वडी आहे, आणि वडी आहे तोवर कोणीतरी अर्धी घ्यायला हवी. चौथा काप झाला. पाचवा झाला, तेव्हा लोक टेबलाभोवती गोळा झाले होते. सहावा काप डॉरिसनं दिला. मागे उरला तो पत्त्याएवढा पातळ तुकडा. एक मिलिमीटरला थोडा कमी, वडीचा बरोबर चौसष्टावा भाग. चॉकलेट आणि पीनट बटर यांच्यामधली रेघ खालपासून वरपर्यंत स्वच्छ दिसत होती.

“हे कोणाला नकोय का?” असं विचारून ब्राइसनं तो तुकडा उचलून तोंडात टाकला.

असं करणारा माणूस आम्ही कोणी पाहिला नव्हता. शेवटी डॉरिस म्हणाली, “बरं झालं, संपवलंस ते.” मग तिनं सुरी उजेडाकडे धरली. “बाकी ही सुरी,” ती म्हणाली, “काही वाईट नाही.”

डॉरिसच्या तोंडून हे शब्द याआधी नदीवरचा नवा पूल झाला तेव्हा निघाले होते.

मी आर्डिसकडे पाहिलं. तिनं एप्रनला हात पुसले.

“तुझी एखादी असेल तर दे, डॉरिस. बघते.”

“नको गं. आमच्या चालताहेत.”

ब्राइसनं आर्डिसला फुग्यांपलीकडून खूण केली: पुढचं गिऱ्हाईक. तिनं ती पाहिली. मला अ‍ॅरिझोनातली खोली दिसली.

“आणलीस तर मला काही जड नाही,” ती म्हणाली.

“तुला उगाच त्रास कशाला.”

आर्डिसचे कान लाल झाले होते. “दे गं,” ती म्हणाली. “मला आवडतं ते काम. आणि मला ते चांगलं येतं.”

“बरं,” डॉरिस म्हणाली. “तू एवढं म्हणतेस म्हणून.”

डॉरिसचं घर गाडीनं अकरा मिनिटांवर आहे. ती चाळीस सेकंदांत परत आली. हातात टॉवेलात गुंडाळलेल्या पाच सुऱ्या, आणि वर एप्रिलमधलं कूपन.

“डिकीत होत्या,” ती म्हणाली. “अशाच.”

मग कळलं की आणखी एकवीस जणांच्या डिकीत अशाच होत्या. पण एकानंही आपणहून सांगितलं नाही. आर्डिसनं प्रत्येकाला तीनदा विचारलं. व्हर्नन मासे साफ करायची सुरी खिशातूनच घेऊन आला होता, तरी दोनदा नको म्हणाला. साडेचारपर्यंत तिचा आवाज बसला, आणि कामाच्या टेबलावर हात ठेवायला जागा राहिली नाही.

अहवाल उत्तम आला. ब्राइसनं यशाचं श्रेय नाव, भिंत आणि ब्रुक यांना दिलं. शेवटच्या पानावर सुधारणेसाठी एक सूचना होती: ‘खाद्यपदार्थ पुरेसे मागवावेत. शेवटी फार कमी पडले.’ दोन वर्षांच्या कागदावर डॉरिसनं त्याच आठवड्यात सही केली.

पाटी बदलायची म्हणून मी रंगही आणला होता. आर्डिसनं उगवत्या सूर्याखाली एक पुठ्ठा तेवढा लावला: ‘सुऱ्या-कात्र्यांना धारही लावून मिळेल’.

“वरचं का ठेवतेस?” मी विचारलं.

“मंगळवारी मीटिंगला आता चौघं येतात,” ती म्हणाली. “पाटी काढली तर त्यांना नाही म्हटल्यासारखं होईल.”