अप्पांनी पाहिलेलं डेन्मार्क

दुष्काळाच्या त्या वर्षी ईट गावातल्या आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन शांतलिंगअप्पा गाई पाहायला डेन्मार्कला जाऊन आले. परतल्यावर मारुतीच्या पारावर त्यांचं भाषण झालं. गाईंवरचा मजकूर मी पुस्तकं चाळून लिहून दिला होता. तो नीरसच असावा, कारण अप्पांनी तो खिशातून काढलाच नाही. ते तिथल्या रात्रींवर बोलले.

"आपल्या तमाशात नुसत्या शिट्ट्या, धुरळा अन् भांडणं. तिथं नवरा-बायको एका टेबलाला बसून नाच बघत्यात. कुणी कुणाला नावं ठेवत न्हाय. याला म्हणायचं सुधारलेला देश."

बायकांच्या घोळक्यातून त्यांच्या पत्नी इरम्मा उठल्या. "मग औंदा जत्रंच्या तमाशाला मीबी येते. तुमच्या शेजारी बसते."

"इथलं येगळं असतंय," अप्पा म्हणाले.

"काय येगळं असतंय ते बघू की. सुमनबाई, तुमीबी चला."

सुमनबाईंबरोबर संचालकांच्या आणखी बऱ्याच बायका तयार झाल्या. अप्पा आणि संचालक पहिल्या रांगेत बसून नाचणारीवर पैसे उधळत; त्यांची ही दौलतजादा गावातल्या पुरुषांनी दर वर्षी पाहिली होती, त्यांच्या स्वतःच्या बायकांनी कधीच नाही.

तोवर अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, छावणीत जनावरं मरत होती, तरी सोसायटीनं तमाशाचा फड ठरवलेलाच होता. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली: दुष्काळी परिस्थितीमुळे तमाशा रद्द.

माझं चुकतही असेल, पण सोसायटीनं दुष्काळाची दखल घेतली ती तेव्हाच पहिल्यांदा.