सव्वा मैल

पेनाइनची वाट दोनशे अडुसष्ट मैलांची. ती एडेलला सुरू होते, इंग्लंडच्या कण्यावरून वर वर जाते आणि सीमेपलीकडे कर्क येटहोम नावाच्या स्कॉटिश गावात, एका पबच्या दारात संपते. ती संपवणाऱ्याला तिथे अर्धा ग्लास बियर फुकट मिळते आणि एका जाड वहीत नाव लिहायला मिळतं. एकोणीस दिवस चालून, शेवटच्या दिवशी चेव्हियटच्या डोंगरांवर वाऱ्याच्या थपडा खाऊन दोन म्हाताऱ्या त्या पबात शिरल्या, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. चौसष्ट वर्षांच्या मेव्हिस क्रॅबट्रीने आधी पेन उचललं आणि अर्धं पान अडवून स्वतःचं नाव लिहिलं. मग तिने पेन मैत्रिणीपुढे धरलं. सहासष्ट वर्षांच्या नोरीन सटक्लिफने दोन्ही हात रेनकोटच्या खिशात घातले.

"धर की," मेव्हिस म्हणाली.

"तू बस आधी."

"बसते. सही कर."

"पाय दुखतायत माझे."

"सही काय पायाने करतेस?"

गल्ल्यावरच्या मुलीने दोन अर्धे ग्लास पुढे सरकवले आणि अभिनंदन केलं. नोरीनने तिचे आभार मानले, ग्लास घेतला, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे अशी बघत बसली, जशी काही त्यात माशी पडली होती. मेव्हिसने आयुष्याची तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडण्यात काढली होती. तिकीट न काढता बसलेला माणूस तिला चेहऱ्यावरून ओळखू यायचा.

"बोल," ती म्हणाली. "काय केलंस?"

"मी सगळी वाट चालले नाहीये, मेव्हिस."

"म्हणजे?"

"सव्वा मैल जीपमधून आले."

मेव्हिसचा आवाज मुळातच डबलडेकरच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचणारा. "जीपमधून?" ती म्हणाली आणि पबातली सगळी माणसं माना खाली घालून आपापल्या बशीतले वाटाणे मोजू लागली.

आता सव्वा मैलाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. ज्याने या दोघींच्या गावचा, टॉडमॉर्डनच्या चॅपलमागचा हॉल पाहिलेला नाही, त्यानेच ते म्हणावं. तिथे शनिवारच्या पायी फिरणाऱ्यांचं मंडळ भरतं. भिंतीवर एक लाकडी पाटी आहे आणि पेनाइनची वाट पुरी केलेल्या चौदा जणांची नावं तिच्यावर आहेत. नाव चढवण्याआधी मंडळाचे अध्यक्ष क्लिफर्ड ग्रीनवुड, एक निवृत्त मास्तर, त्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करून फक्त दोन शब्द विचारतात. "प्रत्येक पाऊल?" आणि तो माणूस उत्तर देतो, "प्रत्येक पाऊल." ना पुरावा, ना फोटो, ना कागद. एका माणसाने हो म्हणायचं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. एका वर्षी एक दांडगा तरुण गडी उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसला. त्याने पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कुणीही काढला नाही.

त्या हॉलमध्ये बावीस वर्षं चहा आणि सँडविच नोरीनने केले. आधी शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पोरांना वाढायचं, आणि संध्याकाळी इथे मोठ्यांना. ते दोन शब्द तिने दरवेळी किटली हातात धरून ऐकले. उत्तर येईपर्यंत ती चहा ओतायची थांबायची आणि तेच उत्तर मनात म्हणायची. नवरा होता तोवर तिने ते बोलून दाखवलं नाही, कारण त्याने हसून विषय संपवला असता. तो गेल्यावर दोन वर्षांनी ती मेव्हिसला म्हणाली, "मला एकदा ते उत्तर द्यायचंय." मेव्हिसने एवढंच विचारलं, "कधी निघायचं?"

आणि असं असताना ही बाई जीपमध्ये चढली! का, तर भिडेपोटी.

अकराव्या दिवशी, मिडलटन गावाच्या अलीकडे, पाऊस आडवा येत होता. खोली दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून मेव्हिस पुढे गेली होती आणि नोरीन दुखऱ्या गुडघ्यानिशी मागून एकटी येत होती. एका शेताच्या चिंचोळ्या रस्त्यावर मागून जीप आली. आत सत्तरीचा शेतकरी. "बसा बाई, सोडतो," तो म्हणाला. नोरीन म्हणाली, नको, खरंच नको, आभारी आहे. तो म्हणाला, मी तिकडेच चाललोय. ती म्हणाली, तुमचे फार उपकार, पण नको. तेव्हा तो म्हातारा स्वतः खाली उतरला, भर पावसात. पुढच्या सीटवरून त्याने कुत्र्याला मागे हाकललं, खताचं पोतं उचललं, सीटवरचे कुत्र्याचे केस आपल्या टोपीने झटकली आणि दार उघडं धरून उभा राहिला. पाणी त्याच्या टकलावरून कॉलरमध्ये शिरत होतं.

आता सांगा, कशी नाही म्हणणार? कुत्रं उठवलंय, पोतं हलवलंय, टोपी खराब झालीय. यॉर्कशायरच्या बाईने एवढ्यावर नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार आपटणं. नोरीन बसली. सव्वा मैलावर त्याचं फाटक आलं, ती उतरली, तीनदा आभार मानले आणि पुढे चालू लागली. वीस पावलांवर तिला कळलं की आपण काय केलं. परत मागे जायचं, तर त्याच्या खिडकीसमोरून जावं लागणार. त्याला काय वाटेल? म्हणून ती परतही गेली नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

"आठ दिवस!" मेव्हिस म्हणाली. "आठ दिवस माझ्याशेजारच्या पलंगावर घोरतेस, आणि पोटात हे?"

"मी घोरत नाही."

"विषय बदलू नको. अगं बये, ब्लीकलोच्या डोंगरावर आपण वाट चुकलो, तेव्हा तीन मैल जास्त चाललोय. ते यात घाल आणि टाक सही!"

"तसं नसतं गं ते."

"क्लिफर्डला कळणार नाहीये."

"मला कळलंय," नोरीन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. दोनशे सहासष्ट मैल आपल्या पायांनी ओढून आणले होते. दलदलीत मांडीपर्यंत रुतली होती, क्रॉस फेलवर गारांनी गाल सोलून निघाले होते, आणि हे सगळं एका म्हाताऱ्याच्या ओल्या टोपीपायी वाया गेलं होतं.

 मेव्हिसने नोरीनचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला. "टाकून कशाला द्यायचं," ती म्हणाली. "आणि तुला अजून प्यायचा हक्क नाही." तिने गल्ल्यावरच्या मुलीला हाक मारली. "पोरी, मिडलटनला कसं जायचं इथून?"

"कुठलं मिडलटन?" मुलगी म्हणाली. "टीसडेलमधलं? पण तुम्ही तर तिकडूनच चालत आलात ना?"

"आलो. या बाईंचं थोडं तिथे राहिलंय."

चार बस आणि एक आगगाडी. घरच्या गाडीची तिकिटं फुकट गेली. मेव्हिसच्या लेकीने फोनवर दोघींचं डोकं तपासून घ्या म्हणून सांगितलं. जी वाट चालायला आठ दिवस लागले होते, ती खिडकीतून उलटी बघत एका दिवसात संपली. नोरीन डार्लिंग्टनपर्यंत दर अर्ध्या तासाला माफी मागत होती. शेवटी मेव्हिस म्हणाली, "आणखी एकदा सॉरी म्हणालीस, तर याच स्टेशनात उतरवीन, आणि मग राहिलेलं अंतर वीस मैल होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिडलटनहून निघून तीन मैलांवर त्या शेतकऱ्याच्या फाटकापाशी त्या पोचल्या. ऊन पडलं होतं. कुरणं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि टिटव्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. फाटकातून खाली उतरणारा तो रस्ता उन्हात इतका साधा दिसत होता, की नोरीनला त्याचा राग आला. ती तरातरा निघाली. मेव्हिसने मागून तिची पिशवी धरली.

"कुठे?"

"चालायला."

"आपण दक्षिणेकडून उत्तरेला आलो. हे उलट झालं. उलटं चाललेलं मोजत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"क्लिफर्ड म्हणेल. आणि तो नाही म्हणाला, तर मी म्हणेन. आधी खाली जायचं, मग वळायचं, आणि मग एक एक पाऊल."

तेवढ्यात फाटक वाजलं. तीच जीप, तेच कुत्रं, तीच टोपी. म्हाताऱ्याने काच खाली केली आणि नोरीनकडे डोळे बारीक करून बघितलं.

"अहो," तो काळजीने म्हणाला, "तुम्ही अजून इथेच?"

मेव्हिस हसता हसता फाटकाला टेकली. मग तिने सगळं सांगितलं, पाटीपासून टोपीपर्यंत. टॅलेंटायर त्याचं नाव. ऐकता ऐकता तो कानापर्यंत लाल झाला. त्याने माफी मागितली. नोरीनने माफी मागितली. त्याने पुन्हा मागितली, चूक माझीच, मी आग्रह करायला नको होता. नोरीन म्हणाली, छे, मीच स्पष्ट बोलायला हवं होतं. कुत्र्याने जांभई दिली. हे दुपारपर्यंत चाललं असतं.

"खाली नेऊन सोडू का?" टॅलेंटायरने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"सोडा," मेव्हिस म्हणाली. "उलट्या दिशेचं मोजत नाहीत. बस गं नोरीन, यावेळी बिनधास्त बस."

खाली पोचल्यावर नवाच वाद. टॅलेंटायर म्हणे, तुम्ही या झुडपापाशी चढलात. नोरीन म्हणे, नाही, मोडक्या खांबापाशी. शेवटी नोरीन त्या खांबाच्याही शंभर पावलं मागे गेली. "आता इथे शंका नको," ती म्हणाली. तिने बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मेव्हिस तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू कशाला येतेस? तुझं झालंय की."

"दोनशे अडुसष्टवर सव्वा जास्त. तुझ्यापेक्षा एक पाऊल तरी पुढे राहू दे मला. चल."

टॅलेंटायरची जीप पुढे निघून गेली. तो इतक्या हळू चालवत होता, जसं काही मागे वरात होती.

नोरीन चालू लागली. पहिल्या शंभर पावलांत तिला वाटलं की हा शुद्ध वेडेपणा आहे. मग गुडघा नेहमीसारखा चावला, आणि त्या ओळखीच्या कळेने तिला एकदम बरं वाटलं. त्या दिवशी पावसात हा रस्ता तिने पाहिलाच नव्हता. डाव्या हाताला दगडी गडगा होता, त्यापलीकडे मेंढ्या आणि अर्धवट वाढलेली कोकरं. एक ओढा आडवा आला, त्यावर फरश्या टाकलेल्या. चढ लागला. मेव्हिस चढावरही बडबडत होती, मग धापेने ती बडबडही थांबली. दोघींचे बूट एकाच ठेक्यात पडू लागले. हा आवाज नोरीनने एकोणीस दिवस ऐकला होता, पण अकराव्या दिवसापासून तो तिला टोचत आला होता. आज टोचत नव्हता. तिला हसू येऊ लागलं आणि ते आवरेना.

"काय झालं?" मेव्हिसने विचारलं.

"काही नाही. मजा येतेय."

फाटकाशी टॅलेंटायर उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याची बायको पिठाचे हात पुसत बाहेर आली होती. तिला काय चाललंय ते नीट कळलेलं नव्हतं, तरी तीही ताठ उभी होती. शेवटची वीस पावलं नोरीनने हळू टाकली. घाई कसली? उजवा बूट फाटकाच्या खांबाला लागला. तिने खांबावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. संपलं. आता ही वाट एडेलपासून कर्क येटहोमपर्यंत तिची होती, मधे एक हातही जागा रिकामी नव्हती.

टॉडमॉर्डनच्या हॉलमध्ये पुढच्या शनिवारी तिला विचारलं जाणारच होतं. पण इथे, दहा वाजताच्या उन्हात, विचारणारं कुणीही नव्हतं. क्लिफर्ड नव्हता, पाटी नव्हती. आयुष्यभर नोरीनने विचारल्याशिवाय काही सांगितलं नव्हतं. तिने पिशवी खाली टाकली, कुरणाकडे तोंड केलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडली,

"प्रत्येक पाऊल!"

मेंढ्यांनी माना वर केल्या. कुत्रं भुंकायला लागलं. टॅलेंटायरने टोपी हवेत हलवली आणि मग स्वतःच लाजून ती डोक्यावर ठेवली.  मेव्हिस क्रॅबट्री रस्त्यावर फतकल मारून बसली आणि नाक पुसत, हाताने खूण करत राहिली, की आणखी एकदा, अगं, आणखी एकदा.

नोरीनने छाती भरून श्वास घेतला.