पौर्णिमेचा मासा

जानराव पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि अकोल्यातल्या विहारात दर पौर्णिमेला अष्टशीलावर भाषण करू लागले. खोटं बोलू नये, दुपारी बारानंतर जेवू नये, अशी आठही शीलं ते न अडखळता समजावून सांगत. पण बाराचा नियम त्यांनी स्वतः पाळलेला कुणी पाहिला नव्हता. भाषण आटोपून घरी आले की पंचफुलाबाईंना भाकरी टाकायला सांगायचे, आणि भाकरीला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घ्यायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण हे त्यांच्या तोंडावर म्हणणार कोण?

मुलाने, प्रीतमने, दोघांना श्रीलंकेला पाठवलं. अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहून जानरावांचे डोळे भरून आले. शेवटचे दोन दिवस समुद्रकाठचे होते, ते पंचफुलाबाईंच्या वाट्याचे. बाई तेल्हाऱ्याच्या. समुद्राशी त्यांची ओळख तिथल्या बाजारातल्या सुक्या बोंबलापुरती. लाटांत पाय बुडवायचे आणि काठावर बसून ताजा तळलेला मासा खायचा, एवढीच त्यांची हौस होती. पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळावर न्यायला गाडी येणार होती, आणि नेमकी त्याच दिवशी पौर्णिमा आली.

जानराव सकाळीच पांढरा सदरा-पायजमा चढवून तयार. पंचफुलाबाईंनाही त्यांनी पांढरं पातळ नेसायला लावलं. वाळूत मळेल म्हणून त्या कुरकुरल्या, पण पौर्णिमेला पांढरंच नेसायचं हा घरचा नियम, तो काय समुद्र पाहून बदलतो? किनाऱ्यावर चड्ड्या घालून लोळणाऱ्या गोऱ्या लोकांमधून हे दोघं असे चालले, जणू विहाराचं उद्घाटन करायला निघालेत. बाई मात्र गुडघाभर पाण्यात शिरल्या, कमरेपर्यंत भिजल्या आणि पोरीसारख्या हसत सुटल्या. जानरावांनाही हसू आलं, पण आधी त्यांनी कुणी पाहत नाही ना, हे पाहून घेतलं.

बाईंचं पातळ उन्हात वाळेपर्यंत एक वाजला. पोटात कावळे ओरडू लागले तसे दोघं हॉटेलाच्या अंगणात येऊन बसले. मासे तळल्याचा वास सुटला होता. म्हातारा मालक लगबगीने आला, दोघांचे पांढरे कपडे पाहून थबकला आणि त्याने हात जोडले. तिकडे पौर्णिमेला पांढऱ्यात दिसला तो अष्टशील घेतलेला, असाच रिवाज. आपण आज शील पाळता का, असं त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून पाहू लागले. जानराव हरभऱ्याच्या झाडावर चढले. नेहमीच पाळतो, म्हणाले, भारतात लोकांना शिकवतोसुद्धा.

म्हाताऱ्याने वाकून नमस्कार केला आणि ताटांऐवजी बिनदुधाच्या चहाचे दोन कप आणून ठेवले. बारा तर केव्हाच वाजून गेले होते. शीलवंतांपुढे अन्न ठेवायचं पाप तो कशाला घेईल?

पंचफुलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. काय झालं ते त्यांनी काढून घेतलं. जानरावांनी हळू आवाजात समजावलं, की आता माघार घेतली तर आपली, अकोल्याची आणि सगळ्या भारताची इज्जत जाईल, त्यापेक्षा गाडीत बिस्किटं खाऊ. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर अख्खा मासा आला, कढीपत्ता घातलेला, कुरकुरीत. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"जिंदगीभर तुमाले गरम भाकर वाढली," त्या म्हणाल्या. "एक मासा मांगतला म्या."

त्या भांडल्या असत्या तर जानरावांनी उलट भाषण दिलं असतं. पण बाईंनी कप उचलला आणि निमूट चहा प्यायला सुरुवात केली. ते काही जानरावांना बघवेना. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. मग म्हाताऱ्यापुढे हात जोडून, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगून टाकलं, की आपण आज शील घेतलेलं नाही, आणि बाराचा नियम तर जन्मात पाळलेला नाही. बायको उपाशी आहे, तिला मासा हवा आहे.

म्हातारा पोट धरून हसला. आपल्यालाही जमत नाही, म्हणाला, घरात बायको पाळते. आणि त्याने स्वतः जाऊन सगळ्यांत मोठा मासा तळून आणला.

जानराव मान खाली घालून बसले. इज्जत गेली, एवढंच पुटपुटले. पंचफुलाबाईंनी त्यांची वाट न पाहता माशाचा तुकडा तोडला, डोळे मिटून चावला, गिळला, आणि मग ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"काहून तोंड पाडून बसले? आठातलं एक शील तर आज खरंखुरं पाळलं ना तुमी," त्या म्हणाल्या. "जेवा आता. बाकीच्या सातांचं अकोल्याले गेल्यावर पाहू."