सोनालीच्या मोबाईलमधला फळा

धुळ्याजवळच्या एका निवासी शाळेत आठवीनंतर मुलींना घेतात. लेखी परीक्षा एकदाच देता येते. गुजरातमधल्या डिंडोलीतल्या माझ्या शिकवणीतून यंदा सोनाली बसली होती. निवड झाली असती तर बारावीपर्यंत तिचं शिक्षण कुणी थांबवू शकलं नसतं.

निवृत्तीनंतर मी गच्चीवर पत्र्याखाली शिकवतो. फळा भरला की मी बाजूला सरकतो आणि मुलं मोबाईल वर धरतात.

"सर, जरा खसो ने, पडछायो आवे छे." सावली पडते म्हणून मलाच हटवतात. मराठी घरातली मुलं, पण तोंडात गुजराती.

ही सवय मीच लावली. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा सोनाली दुसरीत होती. मी दारोदार जाऊन सांगितलं, पोरांना मोबाईल घेऊन द्या. मी फळ्याचा फोटो पाठवायचो, मुलं वहीचा पाठवायची, मी खाली अंगठा टाकायचो. शाळा उघडल्या, तरी फोटो सुरूच राहिले. वही मागितली की सोनाली म्हणायची, "वही हरवते सर. फोटो नाही हरवत." मला ते पटायचं.

परीक्षेच्या आठवड्यात मी तिला रोज विचारत होतो.

"काळ-काम-वेग?"

मोबाईलवर बोट दोनदा फिरे आणि सोडवलेलं उदाहरण माझ्यासमोर येई.

"तुमच्यापेक्षा फास्ट आहे ना सर?"

"माझ्यापेक्षा कासवही फास्ट आहे," मी म्हणायचो, आणि आम्ही दोघं हसायचो. तिला ते गणित येतं, असंच मी धरून चाललो. एकदाही कोरा कागद पुढे ठेवला नाही.

परीक्षेला मोबाईल बाहेर ठेवून घेतला. तीन तासांनी ती बाहेर आली ती माझ्याकडे न बघताच.

"दोन नळांचं गणित होतं सर. तुम्ही फळ्याच्या डावीकडे लिहिलेलं, हिरव्या खडूने. कोपऱ्यात पुढे बसलेल्या चेतनचं डोकं आलंय त्या फोटोत."

"मग?"

"चेतनचं डोकं आठवलं. आकडे नाही आठवले."

यादीत तिचं नाव नव्हतं. तिची आई सुभद्राबाई साड्यांना खडे चिकटवण्याच्या कारखान्यात आहे. ती जिना चढून आली, पण बसली नाही.

"गुरुजी, पोरले मोबाईल लई द्या, तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

"हो. मीच सांगितलं होतं."

मी भांडलो असतो तर तिला बरं वाटलं असतं. ती तशीच जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सोनालीला पाटी दिली. रोज एक गणित, पुसून पुन्हा, असं ठरवलं. ती चार दिवस आली. पाचव्या दिवसापासून आई तिला कारखान्यात नेऊ लागली, "सुट्टीपुरती" म्हणून. शाळा उघडून आता महिना झाला.

परवा सुभद्राबाई रस्त्यात भेटली. तिचा राग गेला होता. कारखान्यात डिझाइन चोरीला जाऊ नये म्हणून फोटोला सक्त मनाई आहे, असं तिने सांगितलं. नमुना एकदाच दाखवतात, मग झाकून ठेवतात. बाकीच्या बायांना पाठ व्हायला आठवडा लागतो.

"आपली सोनालीले दोनच दिन लागनात, गुरुजी," ती म्हणाली. तिला फार कौतुक वाटत होतं.